तवटेकाकांचे चार खांदे

तवटेकाका शिडीवर उताणे झोपले, दोन्ही हात छातीवर ठेवले, डोळे मिटले आणि म्हणाले, "हं, उचला."

कोणीच उचललं नाही. शिडीच्या चार टोकांना आम्ही चौघं उभे होतो आणि एकमेकांकडे बघायला लागू नये म्हणून चौघंही काकांच्या अंगठ्याकडे बघत होतो. शिडी बांबूची होती, बिल्डिंगच्या पाण्याच्या टाकीवर चढायला ठेवलेली. तिच्यावर काकांनी स्वतःची गोधडी अंथरली होती आणि उशाला टॉवेलची गुंडाळी घेतली होती. रविवारची सकाळ होती. खाली कुठेतरी भाजीवाला ओरडत होता.

"काय वो बर्गे, उचला म्हणतोय न्हवं?" काकांनी एक डोळा उघडला.

"काका, पण हे बरं दिसतं का?" मी म्हणालो.

"मयताला बरं-वाईट काय दिसतंय? त्याचं डोळं मिटल्यालं असत्यात." असं म्हणून त्यांनी तो डोळाही मिटला.

आम्ही राहायचो त्या कराडच्या बिल्डिंगचं नाव 'सौहार्द'. बिल्डरनं हे नाव कुठून काढलं कोण जाणे. जिन्यात दोघं समोरासमोर आले तर एकजण चपलेकडे बघायचा, दुसरा भिंतीकडे. मी शाळेत चित्रकला शिकवायचो, बायको शालन आणि मी तिसऱ्या मजल्यावर नवे नवे राहायला आलो होतो, आणि आम्हीही महिन्याभरात भिंतीकडे बघायला शिकलो. आमच्या समोरच्या दारात गजानन तवटे राहत. एस.टी.तून कंट्रोलर म्हणून निवृत्त झालेले, बायको वारलेली, मूलबाळ नाही. सगळी हयात स्टँडवर गाड्या मार्गी लावण्यात गेल्यामुळे माणसांनाही ते गाड्यांसारखंच बोलत. उशीर झालेल्याला फैलावर घ्यायचं आणि वेळेवर आलेल्याला हाकलायचं. बिल्डिंगमध्ये त्यांचं एकाशीही पटत नव्हतं.

तर या काकांचा एक जुना सहकारी गेला. काका त्याच्या अंत्ययात्रेला गेले आणि परत आले ते ओळखू न येण्यासारखे. माझ्या दारात उभे राहिले, पाण्याचा तांब्या मागितला, तो तसाच हातात धरून म्हणाले, "तीन माणसं, बर्गे. त्याचा भाचा, शेजारचा एकजण आणि मी. चौथा खांदा गाडीच्या ड्रायव्हरनं दिला. आन् त्योबी म्हणत हुता, लवकर उरका, मला दुसरं भाडं हाय."

मी काहीतरी समजुतीचं बोललो.

"तुमचं ठीक हाय," काका म्हणाले. "माझ्या येळंला तर तीनबी न्हाईत."

चार दिवस ते घराबाहेर आले नाहीत. पाचव्या दिवशी त्यांनी बिल्डिंगमध्ये जाहीर केलं की रविवारी सकाळी आपल्या अंत्ययात्रेची तालीम आहे. आम्ही हसलो. पण पाण्याच्या मोटरची किल्ली काकांकडे असायची. पहाटे उठून मोटर चालू करण्याचं काम दुसऱ्या कुणाला नको होतं म्हणून ते वर्षानुवर्षं त्यांच्या गळ्यात पडलेलं. काका म्हणाले, "रविवारी तालीम न्हाई, तर सोमवारी पाणी न्हाई."

त्या रविवारी कुणीच फिरकलं नाही आणि सोमवारी खरंच पाणी आलं नाही. मंगळवारी मी त्यांच्याकडे गेलो आणि म्हणालो, काका, येतो.

खांदेकरी काकांनीच निवडले. मी समोरच्या दाराचा, म्हणून मी. तळमजल्यावर शिलाईचं दुकान असलेले हुसेन मुलाणी. पहिल्या मजल्यावरचे कानडे, बँकेत होते आणि इतके उंच की जिन्यातल्या दिव्याला त्यांचं डोकं लागे. चौथा माणूस मिळेना. शेवटी दुसऱ्या मजल्यावरच्या गुरवबाई, मुलींच्या शाळेत खेळ शिकवणाऱ्या, स्वतःहून पुढे आल्या.

काका म्हणाले, "बाईमाणूस? खांदा द्याया?"

"मग राहा तिघांवर," गुरवबाई म्हणाल्या आणि वळल्या.

"थांबा, थांबा," काका घाईनं म्हणाले.

आणि म्हणून त्या रविवारी आम्ही चौघं शिडीभोवती उभे होतो. काकांनी गळ्यातली डेपोतली जुनी शिट्टी तोंडात धरली, झोपल्या झोपल्या फुंकली, आणि आम्ही उचललं.

पहिल्या दिवसाचं काय सांगावं! मयताचे पाय पुढे, असा काकांचा हट्ट. पुढे मुलाणी आणि मी, दोघंही बुटके. मागे उंच कानडे आणि तशाच उंच गुरवबाई. जिना उतरायला लागलो तशी शिडी पुढे कलली आणि काका घसरत घसरत आले ते मुलाण्यांच्या मानेवर बसले. डोळे तरीही मिटलेलेच.

"अवो, गळा, गळा!" मुलाणी ओरडले.

"कानड्यांना सांगा, जरा खाली घ्या म्हणावं," मुलाणी कसेबसे म्हणाले. हे त्यांनी मला सांगितलं. कारण कानडे आणि मुलाणी एकमेकांशी बोलत नसत. कानड्यांची स्कूटर मुलाण्यांच्या दुकानाच्या दाराशी लागायची, त्यावरून कधीतरी वाजलं होतं, तेव्हापासून अबोला.

"मुलाण्यांना सांगा, मी वाकूनच चाललोय," कानडे म्हणाले.

मी शिडीखाली गुदमरलो होतो, त्यामुळे हे निरोप पुढे कुणी पोचवायचे असा प्रश्न आला. तो काकांनी सोडवला. मुलाण्यांच्या मानेवर बसल्या बसल्या त्यांनी तोंड मागे वळवलं आणि म्हणाले, "कानडे, मुलाणी म्हणत्यात खाली घ्या. मुलाणी, कानडे म्हणत्यात वाकलोय."

"काका, मेलेला माणूस बोलत नाही," गुरवबाई म्हणाल्या.

"मेल्यावर न्हाई बोलणार. तवर बोलून घेतो."

पुढच्या रविवारी आम्ही उलटं केलं. उंच दोघं पुढे, म्हणजे जिन्यात खालच्या बाजूला, आणि बुटके दोघं मागे. शिडी सपाट राहिली. काका फाटकापर्यंत न घसरता पोचले आणि इतके खूष झाले की उठून त्यांनी सगळ्यांना चहा पाजला. हा त्या बिल्डिंगमधला पहिला चहा, जो एका घरातला दुसऱ्या घरातल्यानं प्यायला. काकांच्या घरी कप दोनच होते. त्यामुळे आम्ही पाळीपाळीनं प्यायलो.

मग ते सुरूच झालं. मुलाण्यांच्या खांद्याला बांबू काचायला लागला, तेव्हा त्यांनी उरलेल्या कापडाच्या चार छोट्या गाद्या शिवल्या, खांद्यावर ठेवायच्या, खाली काखेत बांधायला नाड्या असलेल्या. प्रत्येकाच्या खांद्याचं माप घेऊन शिवल्या. कानड्यांचं माप घेताना दोघंही बोलले नाहीत. मुलाणी स्टुलावर चढले आणि कानडे श्वास धरून ताठ उभे राहिले. गुरवबाई आम्हाला पाऊल मिळवायला शिकवू लागल्या. डावा, उजवा, डावा, उजवा. एका रविवारी मुलाण्यांचा पाय पायरीवरून चुकणार एवढ्यात पुढून कानडे ओरडले, "मुलाणी, पायरी!"

आम्ही सगळे जागच्या जागी थांबलो. काकांनीसुद्धा डोळे उघडले.

"काय म्हणलासा?" मुलाणी म्हणाले.

"पायरी म्हणालो."

"बरं," मुलाणी म्हणाले. बाकी काही नाही. पण दुसऱ्या दिवसापासून स्कूटर फाटकाच्या पलीकडे लागू लागली.

हे सगळं शालनला मात्र बघवत नव्हतं. "जित्या माणसाला शिडीवर घालून मिरवता? काय हे अभद्र!" ती म्हणायची. गोधडी रोज समोरच्या गॅलरीत वाळत पडलेली दिसे, ती बघून तिला अन्न जाईना. शेवटी एके दिवशी तिनं पिशवी भरली. "ही थेरं संपली की कळवा," म्हणाली आणि विट्याला माहेरी निघून गेली. मला वाईट वाटलं, रागही आला. तो मी काकांवर काढायचं ठरवलं आणि त्यांच्या दारात गेलो.

काका स्वयंपाकघरात भाकरी थापत होते. मी म्हणालो, "काका, पुरे आता. आम्हाला येतं. तुमची चिंता मिटली ना? मग कशाला दर रविवारी?"

काकांनी भाकरी उलटली, फुगू दिली, उतरवली.

"गेल्या रविवारी दुसऱ्या मजल्यावर पोचलो तवा झोप लागली मला," ते म्हणाले. "खरीखुरी. फाटकाशी जाग आली. घरात न्हाई लागत मला झोप, बर्गे. ती गेली तवापासनं न्हाई."

मी भांडायला गेलो होतो आणि भाकरी खाऊन परत आलो.

त्यानंतरचा रविवार. शनिवारी संध्याकाळपासून माझ्या पोटात दुखत होतं. वडापाव बाधला असेल म्हणून मी ओवा खाल्ला. सकाळी चहा ठेवायला उठलो आणि ओट्याशी अशी कळ आली की खाली बसलो तो बसलोच. मग आडवा झालो. पाय पोटाशी घेतले, ते सरळ होईनात. हाक मारायचा प्रयत्न केला तर तोंडातून नुसती हवा निघाली. दाराला आतून कडी होती. शालन विट्याला. फरशीवर गाल टेकून मी पडलो होतो आणि मला स्पष्ट कळत होतं की आपण इथे असेच मरणार आहोत. मला भीती वाटली. आयुष्यात एवढी भीती कधी वाटली नव्हती.

मग दारावर थापा पडल्या.

"बर्गे! एक खांदा लेट हाय!"

मी हात लांब करून चहाचं भांडं ओट्यावरून ओढलं. ते पडलं, फरशीवर गडगडत गेलं.

"आत हाय की," काकांचा आवाज. "लपून बसलाय. बर्गे, उद्या पाणी मिळायचं न्हाई हां!"

मी चमचा आपटला. मग डबा. मग गुरवबाईंचा आवाज आला, "काका, सरा बाजूला." त्यांच्या दोन धडकांत कडी उखडली.

तो प्रसंग मी जमिनीवरून पाहिला. चार चेहरे माझ्यावर वाकलेले. कानडे म्हणाले, रिक्षा आणतो. मला बसतं करायला गेले तर मी किंचाळलो. रिक्षाचा विषय संपला. डॉक्टरांचा दवाखाना दोन गल्ल्या पलीकडे. जिन्यात शिडी तयार होती, गोधडी अंथरलेली, उशाला टॉवेल. कुणी काही ठरवलं नाही. मला उचलून त्यावर ठेवलं आणि सगळे आपापल्या जागी गेले. पुढे कानडे, गुरवबाई. मागे मुलाणी.

मुलाण्यांच्या शेजारी कोणी नव्हतं. तिथे मी असायचो.

"तीनच," गुरवबाई म्हणाल्या.

मी काकांचा चेहरा पाहिला. सहकाऱ्याच्या अंत्ययात्रेहून आलेले तेव्हाचा तो चेहरा. मग त्यांनी डोक्यावरची टोपी काढून माझ्या पायाशी ठेवली, माझी गादी स्वतःच्या खांद्यावर बांधली आणि मुलाण्यांच्या शेजारी येऊन उभे राहिले.

"काका, तुम्ही? तुमचं वय..." कानडे म्हणाले.

"वय ऱ्हाऊ द्या. दर रविवारी झोपून बघितलीय ही शिडी. कुठं कलती, कुठं हिसका बसतोय, तुमच्यापरीस मला ठावं."

काकांनी शिट्टी तोंडात धरली. तेवढ्यात मुलाणी ओरडले, "थांबा! पाय पुढं हायत! जिता माणूस हाय त्यो!"

सगळी तालीम पाय पुढे ठेवून झालेली. त्यामुळे सवयीनं मलाही तसंच ठेवलं होतं. काका म्हणाले, फिरवा. मला शिडीसकट जिन्याच्या त्या चतकोर जागेत फिरवायला लागले. शिडी भिंतीला लागली. कानड्यांचं डोकं दिव्याला लागलं, दिवा फुटला. शेवटी शिडी तशीच ठेवून मला तिच्यावरच उलटं केलं, डोकं पायांकडे आणि पाय उशाकडे. मी कळवळत होतो आणि गुरवबाई मला दटावत होत्या, "बर्गे, हलू नका, उतारू शांत बसला पाहिजे." शिट्टी वाजली.

डावा, उजवा, डावा, उजवा. तीन जिने आम्ही उतरलो. आम्ही म्हणायची सवय अजून जात नाही. मला एकही धक्का बसला नाही. प्रत्येक वळणावर मागून काकांचा आवाज यायचा, "सावकाश, हितं हिसका बसतोय," आणि तिथे हिसका बसायचा नाही.

रस्त्यावर आलो आणि वेगळंच सुरू झालं. लोकांनी शिडी पाहिली, चार खांदे पाहिले, शिट्टी हे काय नवीन म्हणून जरा गोंधळले, आणि मग हात जोडू लागले. कोपऱ्यावरच्या किराणावाल्यानं शटर अर्धं खाली ओढलं. एक म्हातारा सायकलवरून उतरून उभा राहिला. माझ्यावर चांगले संस्कार झालेले असल्यामुळे मी पडल्या पडल्या त्यांना नमस्कार केला. म्हातारा सायकलसकट गटारात गेला.

मग प्रथेप्रमाणे एक अनोळखी माणूस गर्दीतून आला, काकांना म्हणाला, "दमलासा आजोबा, द्या थोडा मला," आणि त्यानं खांदा लावला. काका हटले नाहीत, तेव्हा तो मधेच घुसला. चालता चालता वर तोंड करून त्यानं हळू आवाजात मुलाण्यांना विचारलं, "कधी गेले वो?"

मुलाण्यांना धाप लागली होती. म्हणून मीच सांगितलं, "अजून नाही."

त्याचं पाऊल चुकलं, पण शिडी त्यानं सोडली नाही. हे मी त्या माणसाबद्दल कायम सांगत आलोय. त्याचं पाहून आणखी दोघं आले. दवाखान्याच्या गेटशी पोचेपर्यंत मागे चांगली वीस-पंचवीस माणसं झाली होती. त्यातली निम्मी रडवेली होती, बाकीची बघायला आलेली. गेटवरच्या माणसानं आम्हाला पाहिलं आणि न बोलता हातानं दाखवलं, घाट पुढे, नदीकडे.

"आत घे, आत घे!" काका त्याच्यावर खेकसले. "ह्यो डायरेक्ट हितंच उतरणार हाय!"

अपेंडिक्स होतं. ऑपरेशन त्याच दिवशी झालं. डॉक्टर नंतर म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर आतच फुटलं असतं. मी शुद्धीवर आलो तेव्हा खिडकीशी ऊन उतरलं होतं आणि शेजारच्या स्टुलावर काका बसले होते. सदऱ्याची एक बाही काढलेली. गादी वाटेत कुठेतरी सरकली होती. खांदा सुजून लाल झाला होता, कातडं सोलवटलं होतं.

"काका, फार लागलं?"

"कुठं काय." त्यांनी सदरा वर ओढला. मग जरा लाजल्यासारखे पुढे वाकले. "बर्गे, येक इचारू का? वर झोपल्यावर कसं वाटलं रं तुला?"

मी आठवून पाहिलं. दुखत होतं, भीती होती. पण डोळे मिटल्यावर खालून चार माणसांचे श्वास ऐकू येत होते, ते आठवलं.

"वाटलं, हे आता मला सोडत नाहीत," मी म्हणालो. आणि मला रडू आलं, टाके दुखेपर्यंत.

"त्येच," काका म्हणाले. "त्येवढ्यासाठीच झोपत हुतो मी."

शालन संध्याकाळी विट्याहून धावत आली. मला पाहिलं, मग काकांचा खांदा पाहिला. पुढच्या रविवारी तालमीआधी समोरच्या गॅलरीतली गोधडी तिनंच झटकून आणली आणि चहाला काकांच्या घरी आमचे कप घेऊन गेली.

त्यानंतर पाणी बंद करायची धमकी काकांना कधी द्यावी लागली नाही. आजूबाजूच्या बिल्डिंगा त्यांना बोलावू लागल्या. कुणाची म्हातारी चौथ्या मजल्यावर अडकलेली, कुणाची बाळंतीण, कुणाचा पाय मोडलेला. काका शिट्टी घेऊन जायचे आणि उंच माणसं पुढे, बुटकी मागे, असं शिकवून यायचे. शिकवताना शिडीवर स्वतः झोपायचे. आमच्या पेठेत बरीच माणसं त्या काळात अशी खाली उतरली.

काका गेले ते पुढे बऱ्याच वर्षांनी, मुलाण्यांच्या दुकानात, चहा पिता पिता. चहा न सांडता कप काउंटरवर ठेवला आणि मान टाकली. कानड्यांनी मला शाळेत निरोप पाठवला. गुरवबाई निवृत्त होऊन साताऱ्याला गेल्या होत्या, त्या मिळेल त्या गाडीनं आल्या. आम्ही चौघांनी कपाटातून गाद्या काढल्या. नाड्या जुन्या झाल्या होत्या. मुलाण्यांनी बसून नव्या लावल्या, प्रत्येकाला स्वतः बांधल्या. कानड्यांच्या बांधायला स्टुलावर चढले.

आम्ही रिकाम्या खांद्यांनी जिन्यातून खाली आलो, सवयीनं पुढे उंच दोघं, मागे बुटके दोघं. दारात तिरडी बांधून तयार होती. काका डोळे मिटून पडले होते, पाय पुढे, त्यांना हवे होते तसे. मी त्यांच्या उशाशी वाकलो. बाकीचे तिघं आपापल्या जागी गेले. गुरवबाईंनी काकांची शिट्टी तोंडात धरली आणि फुंकली.

आणि तिरडी आमच्या हाती यायच्या आतच उठली. पेठेतली माणसं सगळीकडून आत घुसली. बाया होत्या, पोरं होती, एक म्हातारी काठी टेकत आली होती आणि तिला फक्त बांबूला हात लावायचा होता. सायकलसकट गटारात पडलेला तो म्हातारा होता. आम्हाला कोपर लागले, धक्के लागले, आम्ही मागे मागे गेलो. "अवो, आमची जागा हाय ती!" मुलाणी ओरडत होते. कुणी ऐकलं नाही. काका लोकांच्या डोक्यांवरून पुढे पुढे जात राहिले, जराही न हलता.

फाटकाशी आम्ही चौघंच उरलो, खांद्यावर गाद्या बांधून.

"जागाच मिळाली नाही," कानडे म्हणाले.